झोपाळू डिस्क आणि माझा साडू

मी डूख धरणारा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. लोक म्हणतात, झालं गेलं गंगेला मिळालं. माझ्याकडे काही गंगेला मिळत नाही. पाचवीत ज्याने माझ्या सायकलची हवा सोडली होती, त्याचा लॅपटॉप पंचवीस वर्षांनी माझ्याकडे दुरुस्तीला आला. मी तो तीन दिवस उगाच फळीवर ठेवला. रोज त्याला फोनवर सांगायचो, बघतोय, अवघड आहे. चौथ्या दिवशी पाच मिनिटांत दुरुस्त करून दिला. त्याला सायकल आठवतही नसणार. मला आठवत होती, तेवढं पुरे.

जळगावात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. सगळंच करतो, पण हात बसलाय तो हार्ड डिस्कवर. हार्ड डिस्क म्हणजे एका बंद डब्यात गरगर फिरणारी तबकडी आणि तिच्यावरून केसाहूनही कमी अंतराने सरकणारं एक बारीक डोकं. तबकडी फिरते तोवर डब्यातून घूं असा आवाज येत राहतो. बाकीचे दुकानदार डिस्क गेली म्हटल्यावर नवीन घ्या म्हणतात. मी आधी कानाला लावून ऐकतो.

या कामाचं कौतुक करणारा घरात एकच माणूस होता, आणि तो माझ्या घरातला नव्हता. माझे सासरे. आम्ही सगळे जावई त्यांना आबा म्हणतो. अमळनेरजवळच्या एका खेड्यात त्यांची कपाशीची शेती आहे. माझे वडील मी काही शिकायच्या आधीच गेले, त्यामुळे तुझ्या हातात कला आहे असं मला कुणी सांगितलं नव्हतं. ते आबांनी सांगितलं. बॅटरी, रेडिओ, मोटरचा स्टार्टर, मोबाइल, जे बिघडेल ते पिशवीत घालून ठेवायचे आणि मी गेलो की माझ्यासमोर ओतायचे. मी खाटेवर बसून एकेक उघडायचो. ते शेजाऱ्यांना बोलावून म्हणायचे, "दखा, जवाईना हातमा काय शे ते." मला त्या वाक्याची चटक लागली होती, आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

आता साडू. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. धुळ्यात त्याचा फोटो स्टुडिओ आहे, लग्नाच्या मोसमात त्याला जेवायला फुरसत नसते. बाकी वेळी तो उंटावरचा शहाणा. शेती कशी करावी हे आबांना सांगतो, कॉम्प्युटर कसा दुरुस्त करावा हे मला. पण डिस्क लागली तेव्हा माझ्याकडेच आला. मी त्याला चांगली मोठी डिस्क दिली, वेगळ्या अडॅप्टरवर चालणारी, टेबलावर ठेवायचा डबा. स्वतः धुळ्याला जाऊन जोडून दिली. त्याच वर्षी माघात धाकट्या मेव्हणीचं लग्न झालं. शूटिंग साडूनेच केलं, कॅमेऱ्यातली कार्डं पुसून पुढच्या लग्नाला वापरली, आणि मेव्हणीचं सगळं लग्न त्या एका डिस्कवर राहिलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या लेकी माहेरी आल्या. खान्देशात दिवाळीला नाही आली तरी चालेल, पण आखाजीला लेक यायलाच हवी, आणि तिच्यामागे जावई. सांजोऱ्या आणि आमरस झाला. ओट्यावर सगळे पान खात बसलो होतो, भाऊबंद होते, व्याही होते. धाकटीने साडूला विचारलं, "दाजी, माझ्या लग्नाचा व्हिडिओ कधी देताय?"

साडूने पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. "तो गेला. डिस्क खराब झाली. कोणी आणून दिली होती ते याला विचारा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो की डिस्क नवी होती, सीलबंद होती, तुमच्यासमोर उघडली. तो म्हणाला, "मग जोडताना आपटली असणार. नाशिकच्या माणसाला दाखवली, तोही म्हणाला आतून ओरखडे आहेत." धाकटी उठून आत गेली. ती रडत होती हे ओट्यापर्यंत ऐकू येत होतं.

 संध्याकाळी मी निघताना आबांची बॅटरी कोनाड्यात पडलेली दिसली. मी नेहमीसारखा हात पुढे केला. त्यांनी ती उचलून स्वतःच्या खिशात घातली. "ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले, "अमळनेरले दखाडी लिसू."

अमळनेरला दाखवून घेऊ, असं मऊ आवाजात म्हणाले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.  दातओठ खाणं म्हणजे काय ते मला जळगावपर्यंतच्या रस्त्यावर नीट कळलं. साडूचं उट्टं काढल्याशिवाय राहायचं नाही, हे वाटेतलं पाळधी गाव यायच्या आत ठरलं होतं.

पुढच्याच महिन्यात ती डिस्क माझ्या हातात आली. साडू ती फेकून देणार होता. थोरलीने ती कुरडयांच्या डब्यात घालून गुपचूप माझ्या बायकोकडे दिली. का दिली, हे मी विचारलं नाही. तिच्या मनाला काही तरी लागलं असणार, हे आता कळतं. तेव्हा मला वाटलं, देवच माझ्या बाजूने आहे.

डिस्क स्वतःची हजेरी स्वतः ठेवते. किती तास चालली, किती वेळा थांबून पुन्हा फिरली, किती वेळा मध्येच वीज तुटली, सगळं तिच्या आत नोंदलेलं असतं. दोनच महिने वापरलेल्या डिस्कच्या मानाने वीज तुटल्याचा आकडा भलताच मोठा होता. आणि ओरखडे सगळीकडे नव्हते. बहुतेक मेव्हणीच्या लग्नाच्या फाइली जिथे होत्या त्याच पट्ट्यात होते. आपटलेल्या डिस्कचे ओरखडे असे फाइल बघून पडत नाहीत.

मग मी तसलाच दुसरा डबा आणला आणि दुकानात टेबलावर मांडला. पहिली गोष्ट दहा मिनिटांतच कळली. दहा मिनिटं हात लावला नाही की डबा झोपायचा. घूं आवाज बारीक होत होत थांबायचा. विंडोजमध्ये डिस्क कधीच थांबवू नको असं मी सांगून ठेवलं होतं, तसंच साडूकडेही करून आलो होतो. पण या डब्याच्या चिपला स्वतःचं घड्याळ होतं आणि ती विंडोजला विचारत नव्हती. ते घड्याळ बंद करायला वेगळी आज्ञा द्यावी लागते. धुळ्याला डिस्क जोडली त्या दिवशी मी दहा मिनिटं नुसतं बसून पाहिलं असतं, तर ही खोड तिथेच सापडली असती. मी बसलो नाही, चहा पिऊन निघालो. ही माझी चूक होती आणि ती मी कुणाला सांगितली नाही.

दुसरी गोष्ट ड्रायव्हरची. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटर आणि डिस्क यांच्यात निरोप नेणारा प्रोग्राम. झोपलेल्या डिस्कला उठून पूर्ण वेगात यायला आठ-दहा सेकंद लागतात. जुना ड्रायव्हर तेवढं थांबायचा. विंडोजच्या अपडेटबरोबर आलेला नवा ड्रायव्हर या चिपशी जमवून घेत नव्हता. हाक मारायचा, उत्तर नाही आलं की जोडणी झटकून पुन्हा हाक मारायचा, आणि बिचारी डिस्क पुन्हा पहिल्यापासून उठायला लागायची. तेवढा वेळ पडद्यावर सगळं गोठलेलं आणि डबा गप्प.

पण नुसत्या ड्रायव्हरने तबकडीवर ओरखडे पडत नाहीत. तीन आठवडे मी गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारून हेच करत होतो. जुना ड्रायव्हर, नवा ड्रायव्हर, दुसरी केबल, दुसरं पोर्ट. डिस्क अडखळायची, रुसायची, पडद्यावरून गायब व्हायची, पण मरायची नाही. मग एका दुपारी मी ती नेमकी उठत असताना भिंतीवरचं बटण बंद केलं आणि लगेच चालू केलं. पुन्हा झोपू दिली, पुन्हा उठवली, पुन्हा बटण. दिवसभर तेच. दुसऱ्या दिवशी डब्यातून टक्, टक् असा आवाज यायला लागला. एक चांगली डिस्क माझ्या हाताने मेली, आणि मला इतका आनंद झाला की शेजारचा झेरॉक्सवाला विचारायला आला, काय लॉटरी लागली का म्हणून.

म्हणजे कुणी तरी धुळ्यात हेच करत होतं. पडदा गोठला की बटण बंद, बटण चालू. कोण करणार? साडूच. तो लाल दिव्यालाही थांबत नाही.

पुरावा मात्र हवा होता. डिस्क जोडताना मी साडूच्या कॉम्प्युटरवर जळगावहून मदत करता यावी म्हणून एक प्रोग्राम टाकून ठेवला होता. त्याने पासवर्ड बदलला नव्हता. एका दुपारी मी जळगावात बसून त्याच्या कॉम्प्युटरात शिरलो आणि विंडोजने ठेवलेली नोंदवही उचलून आणली. हे सभ्य काम नव्हतं. पण ओट्यावर चाळीस माणसांसमोर त्याने जे केलं तेही सभ्य नव्हतं.

नोंदवहीत सगळं होतं, तारखेसकट, सेकंदासकट. डिस्कने उत्तर दिलं नाही. पुन्हा प्रयत्न. डिस्कने उत्तर दिलं नाही. डिस्क अचानक काढली गेली. आणि अर्ध्या मिनिटात, डिस्क सापडली. फाल्गुनातले ओळीने अकरा दिवस, आणि दर दिवशी दुपारी एक ते तीनच्या मधेच. दुपारी स्टुडिओत कुणी नसतं, तो एकटा शांतपणे एडिटिंग करतो, हे साडूनेच मला किती तरी वेळा सांगितलेलं. मी त्या ओळी पिवळ्या रंगाने रंगवून छापून घेतल्या.

तेव्हाच आबांना फोन केला असता तर प्रकरण मिटलं असतं. बायको म्हणालीही, "सांगून टाका ना आबांना." पण मला नुसती सुटका नको होती. ज्या माणसांसमोर माझं नाक कापलं, त्याच माणसांसमोर त्याचं कापलेलं मला बघायचं होतं. आणि त्यानंतर आबांनी ती पिशवी माझ्यासमोर ओतलेली. चार महिने मी ते कागद कपाटात ठेवून वाट पाहिली.

मार्गशीर्षात आबांच्या शेतात भरीत पार्टी होती. थंडी पडली की आमच्याकडे शेतात भरीत होतंच. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजलेली, बायका लाकडी बडगीत ती ठेचत होत्या, थोरली पुऱ्या तळत होती. आखाजीला होती तीच सगळी माणसं. मी खाटेवर लॅपटॉप उघडला, शेजारी मेलेली डिस्क ठेवली, कागद पसरले, आणि म्हणालो की धाकटीचं लग्न कसं गेलं ते मला कळलंय.

मी छान समजावून सांगितलं. इतकं छान मी कुठल्या गिऱ्हाइकालाही सांगितलेलं नाही. डिस्क झोपते कशी, उठते कशी, उठताना वीज तोडली की डोकं तबकडीला कसं घासतं. सगळे जवळ सरकले. आबा बाजेवर बसून कान देऊन ऐकत होते. मग मी कागद उचलला आणि साडूला विचारलं, "या अकरा दिवसांत दुपारी दुकानात कोण बसत होतं?"

साडूने कागद पाहिला. त्याचा चेहरा उतरला. "सोड ना," तो म्हणाला, "भरीत निवतंय."

नाक दाबलं की तोंड उघडतं, हे मला माहीत होतं. मी तारखा मोठ्याने वाचायला लागलो. "वेळ एक वाजून बावीस मिनिटं. कोण होतं? दुसरा दिवस, दोन वाजून पाच. कोण होतं?"

"अरे, पुरे," तो म्हणाला. "माझी चूक. झालं?"

तिथे मी थांबायला हवं होतं. तो कबूल झाला होता. पण माझं पोट भरलं नव्हतं, आखाजीला त्याने पान चघळलं होतं तसं मला हे चघळत चघळत खायचं होतं. मी म्हणालो, "झालं कसं? बटण कोणी दाबलं ते सांगा." पुऱ्या तळणारी थोरली झारा हातात तसाच धरून माझ्याकडे बघत होती. तिने मान हलवली. नको, अशी. मी पाहिलं आणि पुढची तारीख वाचली.

आबा म्हणाले, "फागुन? तवय तर मन्हा एक डोयाले पट्टी व्हती."

थोरलीने झारा खाली ठेवला.

"मोतीबिंदू काढेल व्हता. मी धुयालेच व्हतू," आबा म्हणाले. ते माझ्याशी नाही, स्वतःशीच बोलत होते. "दुपारले जवाई घर जेवाले जाये, मी बठू दुकानमा. पोरनं लगीन दखत बठू. दखता दखता डोया लागी जाय. उठीसन परत लावाले गऊ का तो डबा गप. वावरमानी मोटर गप बठनी का आपन काय करतस? बटन बंद, बटन चालू."

आमच्याकडे सगळे हेच करतात. पाळीने येणाऱ्या विजेवर शेती करणारा माणूस डोळ्यांनी नाही, कानांनी मोटर सांभाळतो. आवाज थांबला की मोटर बंद पडली, मग स्टार्टर खाली, स्टार्टर वर. डिस्क झोपते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं ते मी. धाकटीच्या लग्नाची फिल्म ते अकरा दिवस रोज बघत होते, आणि रोज थोडी थोडी पुसत होते.

त्यांनी डिस्क हातात घेतली, उलटी सुलटी केली आणि परत खाटेवर ठेवली. "म्हंजे ते मन्हामुये गयं," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमना दोष नव्हता, जवाई." सगळ्यांसमोर म्हणाले. सात महिने मी याच वाक्यासाठी जगत होतो.

जेवण कुणाला गेलं नाही. मी साडूला विहिरीपाशी गाठलं. त्याला सगळं आधीपासून माहीत होतं. थोरलीने एकदा आबांना बटण दाबताना पाहिलं होतं, पण तोवर उशीर झाला होता. दोघांनी ठरवलं की म्हाताऱ्याला कळू द्यायचं नाही.

"म्हणून माझं नाव घेतलं?" मी म्हणालो. "चोर सोडून संन्याशाला फाशी?"

"चोर कोण मग? आबा?" तो म्हणाला. "आणि तुझं काय जाणार होतं? याने दिलेली डिस्क खराब निघाली, लोक चार दिवसांत विसरले असते."

माझं काय जाणार होतं हे त्याला खरंच माहीत नव्हतं. त्याचा राग मला आजही येतो. त्याने मला आधी बाजूला घेऊन सांगितलं असतं, तर मी ते हसत माझ्या अंगावर घेतलं असतं, असं मी त्याला म्हणालो. घेतलं असतं की नाही, देव जाणे. आम्ही अजून बोलत नाही. नोंदवहीचे कागद मी फाडले नाहीत, कपाटातच आहेत.

त्यानंतर आबांनी माझ्यासमोर पिशवी ओतली नाही, अमळनेरलाही काही नेलं नाही. बायको सांगायची की विहिरीवरची मोटरसुद्धा आता शेजारचा भाऊबंद येऊन लावतो. मला वाटलं, वय झालं.

चैत्रात ते दुसरा डोळा दाखवायला आमच्याकडे जळगावला आले. त्या दिवशी बायको बाहेर गेली होती. मी दुकानातून जेवायला आलो तेव्हा दोन वाजले होते, बाहेर बघवत नाही असं ऊन. दार उघडं होतं. आबा पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. सदरा पाठीला चिकटला होता आणि ते टोपीने वारा घेत होते. पंखा बंद, कूलर बंद. देव्हाऱ्यातला विजेचा दिवा मात्र चालू होता.

"आबा, लाइट कधी आली?"

"कवयनी उनी."

"मग कूलर लावायचा ना." बटण त्यांच्या खांद्यापासून हातभर अंतरावर होतं.

"वीज गयी तवय पोर बटन बंद करी गयी," ते म्हणाले. "तुम्ही येश्यात म्हनीसन बठेल व्हतू. माले त्यामानं काय समजस?"

मी बटण दाबलं. कूलर सुरू झाला. ते माझ्या बोटाकडे बघत होते. मग त्यांनी टोपीने तोंडावरचा घाम पुसला आणि म्हणाले, "बरं झायं तुम्ही घर उनात."